दत्त, अदत्त आणि विक्रय

अमेरिकेच्या नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने १९९८ साली निकालात काढलेला 'मायक्रो स्टार विरुद्ध फॉर्मजेन' हा दावा कायद्याच्या अभ्यासकांना प्रताधिकाराचा दावा म्हणून ठाऊक आहे, आणि त्याच्या निकालपत्रात धर्मविचाराला कोठे जागाही नाही. तथापि आपल्या धर्मशास्त्रकारांनी दानाविषयी केलेला दीर्घ आणि सूक्ष्म ऊहापोह ज्याने थोडाफार वाचला आहे, त्याला ते निकालपत्र वाचताना पदोपदी असे वाटत राहते की, मालकीच्या या भांडणाखाली दानाचा एक जुना प्रश्न दडलेला आहे, आणि न्यायालयासमोर उभे राहिलेल्या दोन्ही पक्षांत दाता असा कोणीच नव्हता.

हकीकत थोडक्यात अशी. १९९६ साली 'ड्यूक न्यूकेम थ्रीडी' नावाचा एक व्हिडिओ गेम प्रसिद्ध झाला. परग्रहावरून आलेल्या शत्रूंशी लढत नायकाने एकेक लेव्हल पार करावयाची, अशी त्याची रचना असून मूळ गेममध्ये अशा २९ लेव्हल होत्या. गेमबरोबरच 'बिल्ड एडिटर' नावाचे एक साधन दिलेले होते. त्याच्या साहाय्याने ज्याला हौस असेल त्याने स्वतःच्या लेव्हल रचाव्यात, त्या इंटरनेटवर ठेवाव्यात, इतरांनी उतरवून घेऊन खेळाव्यात, याला गेमचे हक्क असलेल्या फॉर्मजेन कंपनीची संमती होती, किंबहुना उत्तेजनही होते. मात्र परवान्यात एक शर्त स्पष्ट घातलेली होती: अशा लेव्हल इतरांना द्यावयाच्या त्या केवळ विनामूल्यच. मायक्रो स्टार या सॉफ्टवेअर विकणाऱ्या पेढीने खेळाडूंनी रचलेल्या अशा ३०० लेव्हल उतरवून घेतल्या, एका सीडीवर छापल्या, खोक्यावर गेममधील दृश्ये झळकवली आणि 'न्यूक इट' या नावाने ती सीडी विकावयास काढली.

न्यायालयात प्रथम धाव घेतली ती या पेढीनेच, आणि आपल्या सीडीने कोणाच्याही हक्काचा भंग होत नाही असा निर्वाळा मागितला. तिचा युक्तिवाद चतुर होता. लेव्हलच्या फाइलीत चित्र म्हणून एकही नसते. भिंत कोठे, दार कोठे, शत्रू कोठे, एवढ्या सूचना तीत असतात आणि प्रत्यक्ष चित्रे मूळ गेमच्या भांडारातून पडद्यावर येतात. मग आम्ही घेतले तरी काय, असा तिचा सवाल होता. खालच्या न्यायालयाला तो बव्हंशी पटला आणि त्याने खोक्यावरील चित्रांपुरती मनाई केली. अपिलात न्यायमूर्ती कोझिन्स्की यांनी तो निर्णय फिरवला. या फाइली म्हणजे नायकाच्या नव्या साहसांच्या कथाच होत, आणि मूळ कथेचे पुढचे भाग रचण्याचा व विकण्याचा हक्क मूळ कथेच्या धन्याकडे असतो, असे त्यांनी ठरवले. शिवाय विनामूल्य वाटण्यास परवानगी दिली म्हणजे कंपनीने आपला हक्कच सोडला, हा पेढीचा बचावही त्यांनी अमान्य केला. फॉर्मजेन मनाईहुकूम मिळण्यास पात्र ठरली.

निकाल मला योग्य वाटतो. पण ज्यांनी त्या ३०० लेव्हल रचल्या, ज्यांच्या सुट्ट्या आणि रात्री त्या रचनेत खर्ची पडल्या, ते या सगळ्या कज्ज्यात कोठे होते? ते वादी नव्हते, प्रतिवादी नव्हते. विकली गेली ती त्यांची कृती, आणि विक्री थांबवण्याचे सामर्थ्य ठरले ते ज्या कंपनीच्या कृतीवर त्यांनी आपली कृती उभारली तिचे. त्यांचे रक्षण झाले खरे, परंतु धन्याच्या शेतात उगवलेल्या पिकाचे व्हावे तसे झाले; दात्याच्या संकल्पाचे रक्षण म्हणून झाले नाही.

गेममध्ये बाहेरच्या माणसाने घातलेल्या अशा भरीला किंवा फेरफाराला आज सर्वत्र मॉड म्हणतात. १९९३ च्या 'डूम' या गेमने आपली चित्रे, नकाशे व ध्वनी मूळ यंत्रणेपासून वेगळ्या फाइलीत ठेवले आणि ही वाट खऱ्या अर्थाने रुंद केली. तेव्हापासून आजवर जगभरच्या हौशी माणसांनी मॉडची जी संपदा निर्माण केली तिचा फार मोठा भाग कोणी मोबदला न मागता दिलेला आहे. आणि म्हणूनच, कोणी तिसऱ्याने ती संपदा उचलून तिला किंमत लावली म्हणजे रचणारा व्यथित होतो, तेव्हा त्याला एक प्रश्न विचारला जातो, ज्याला मी हलका समजत नाही. तू तर हे फुकट दिले होतेस. मोबदल्याची तुला अपेक्षाच नव्हती. मग दुसऱ्याला चार पैसे मिळाले तर तुझे काय गेले? हाच प्रश्न अध्यात्माच्या भूमिकेवरून विचारला तर अधिकच टोचतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांतले सात्त्विक दान ते, ज्यात परतफेडीची वासना नसते. 'हे घ्या, पण विकू नका' असे बजावणारा दाता एक हात सोडतो आणि दुसऱ्या हाताने वस्तूचे टोक धरून ठेवतो, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावयाचे? शर्त घातलेले दान हे आसक्तीचा अवशेष बाळगणारे दान नव्हे काय?

या आक्षेपाचा विचार करताना मीमांसकांचा आधार घ्यावासा वाटतो, कारण देणे म्हणजे काय याची चिकित्सा त्यांच्याइतक्या काटेकोरपणे फार थोड्यांनी केली असेल. विश्वजित् यज्ञात यजमानाने सर्वस्व द्यावयाचे असते. तेव्हा 'सर्वस्व' यात काय येते आणि काय येत नाही, याची चर्चा जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि तिच्यात भूमी देता येत नाही, कारण ती सर्वांना सारखीच आहे, असा निष्कर्ष काढलेला आहे. दानाचे त्यांनी मानलेले स्वरूप असे की, दात्याचे स्वत्व संपले पाहिजे आणि घेणाऱ्याचे स्वत्व उत्पन्न झाले पाहिजे. या व्याख्येला धरून चालले तर, इंटरनेटवर ठेवलेली लेव्हल मी उतरवून घेतली त्या क्षणी ती माझी झाली, आणि माझ्या वस्तूचे मी काय करावे हे दात्याने सांगण्याचे प्रयोजन उरत नाही. पेढीची बाजू येथे बळकट दिसते.

परंतु आपल्या शास्त्रकारांनी देण्याचा आणखी एक प्रकार दानापासून निराळा काढून ठेवला आहे, आणि माझ्या मते मॉडचा सारा प्रश्न त्या प्रकारापाशी येऊन उलगडतो. तो म्हणजे उत्सर्ग. तळे खणून, विहीर बांधून किंवा आमराई लावून ती सर्व भूतमात्रांसाठी सोडून देण्याचा जो विधी आहे, त्याचे विवेचन महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात सविस्तर आले आहे. येथे देणाऱ्याचे स्वत्व जाते हे खरे, पण ते अमुक एका घेणाऱ्याच्या ठिकाणी उत्पन्न होत नाही. तळे कोणाच्याच मालकीचे राहत नाही, सर्वांच्या उपयोगाचे होते, आणि ज्याने ते सोडले तोही इतरांपैकी एक म्हणून त्याचे पाणी पिऊ शकतो. आता त्या तळ्याभोवती कोणी कुंपण घालून घागरीमागे पैसे घेऊ लागला तर तळे सोडणाऱ्याने गप्प बसावे, कारण त्याचे स्वत्व संपले आहे, असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही. त्याचे स्वत्व संपले आहे; पण कुंपण घालणाऱ्याचे मुळी उत्पन्नच झालेले नाही. पाणी पिण्याचा अधिकार मिळाला म्हणून पाणी विकण्याचा मिळत नाही. मॉड रचणारा जे करतो ते, बारकाईने पाहिले असता, दानापेक्षा उत्सर्गाला जवळचे आहे: अमुक एका खेळाडूच्या हाती तो काही ठेवत नाही, जो येईल त्याच्यासाठी ठेवतो. आणि मग 'विनामूल्यच' ही त्याची शर्त आसक्तीचे टोक धरून ठेवण्याची खटपट राहत नाही. वस्तू कोणा एकाची न होता सर्वांची राहावी, या संकल्पाचेच ते दुसरे अंग होते.

शर्तीमुळे देणे कलंकित होते हे मत शास्त्रकारांना मान्य असते, तर दिलेल्या वस्तूविषयीच्या तंट्यांना त्यांनी अठरा व्यवहारपदांत स्वतंत्र स्थान दिले नसते. नारदाने या पदाची मांडणी अदेय, देय, दत्त आणि अदत्त अशी केली आहे, आणि त्यांतले अदत्ताचे १६ प्रकार वाचण्यासारखे आहेत. भीतीने दिलेले, क्रोधाने दिलेले, थट्टेत दिलेले, फसवणुकीने घेतलेले, अशी ती गणना आहे. हाताने दिले असले तरी ते दिलेले नव्हे, असे म्हणण्याचे धैर्य या विचारात आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तर नेमका आपला प्रसंग येतो. धर्मकार्यासाठी म्हणून मागणाऱ्याला जे धन दिले, ते त्याने त्या कार्यास लावले नाही, तर ते दिलेले धरू नये. आणि गर्वाने किंवा लोभाने तो ते बळकावून बसला, तर राजाने त्याला एक सुवर्ण दंड करावा. या दंडाला तेथे स्तेयाची निष्कृती म्हटले आहे. म्हणजे ज्या हेतूने दिले त्या हेतूबाहेर वस्तू नेणे ही केवळ कृतघ्नता नाही, ती चोरी आहे, असा स्मृतिकाराचा निवाडा आहे. दात्याला नफा मिळावा असे त्यात कोठेच नाही. मॉड रचणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या तक्रारीचे स्वरूपही असेच असते. विक्रीत वाटा द्या असे ते म्हणत नाहीत, विक्री थांबवा असे म्हणतात, आणि या मागणीतला निर्लोभपणा पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही.

पण अजूनही 'तुझे काय गेले' या प्रश्नाला पुरते उत्तर मिळाले असे मला वाटत नाही, कारण तळ्याचे पाणी उपसल्याने कमी होते आणि मॉडची प्रत काढल्याने मूळ मॉड तिळभरही कमी होत नाही. ज्या दिवशी 'न्यूक इट' बाजारात आली त्या दिवशीही त्या लेव्हल इंटरनेटवरून विनामूल्य उतरवून घेता येत होत्याच. मग हानी कोणती? हानी झाली ती त्या श्रमाच्या स्वरूपाची. माणूस स्वेच्छेने, आनंदाने, कोणासाठी तरी म्हणून जे कष्ट करतो आणि कोणाच्या तरी लाभासाठी त्याच्याकडून जे करवून घेतले जातात, त्यांत शरीराला पडणारा शीण सारखाच असतो, परंतु पहिल्याला आपण सेवा म्हणतो आणि दुसऱ्याला वेठ. ज्या कष्टांना दाम नाही आणि ज्यांच्या फळावर दुसरा दाम कमावतो, ती वेठच. विकणारा जेव्हा दिलेली वस्तू बाजारात नेतो, तेव्हा तो मागे जाऊन, होऊन गेलेल्या कर्माची जात बदलतो. काल जी सेवा होती ती आज, कर्त्याच्या नकळत, वेठ ठरते. ज्याने दिले त्याच्याजवळून वस्तू हिरावली जात नाही, त्याने काय केले हेच त्याच्यापासून हिरावले जाते. निष्काम कर्म करणाऱ्याने फळाची आशा धरू नये हे मला पूर्ण मान्य आहे; परंतु त्याचे कर्म कोणते, हे ठरवण्याचा अधिकार त्याने कोणाला बहाल केलेला नसतो, आणि फळाविषयी उदासीन असणे म्हणजे कर्माविषयी उदासीन असणे, असा अर्थ गीतेतून कोणी काढू लागला तर तो अनर्थ होय.

विकणाऱ्याच्या बाजूनेही एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. त्या काळी इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून मंदगतीने चाले, कित्येक घरांत ते नव्हतेच, आणि विखुरलेल्या ३०० फाइली शोधून, एकत्र करून, सीडीवर छापून दुकानापर्यंत पोहोचवणे हे काही नगण्य काम नव्हते. त्या कामाचा मोबदला कोणी मागितला तर त्यात अधर्म नाही. परंतु त्यासाठी आधी विचारावयास हवे होते, आणि विचारण्यात केवळ शिष्टाचार नाही. ज्याला विचारले तो दाता आहे, ही कबुली त्यात असते. फायनल डूमची गोष्ट येथे आठवते. 'डूम'साठी टीम टीएनटी या हौशी मंडळींनी विनामूल्य देण्यासाठी रचलेला लेव्हलचा संच प्रसिद्धीच्या अगदी तोंडावर आयडी सॉफ्टवेअर या मूळ कंपनीने विकत घेतला आणि १९९६ साली तो 'फायनल डूम'मध्ये बाजारात आला. वाट पाहत बसलेल्या खेळाडूंची निराशा झाली असेल, पण येथे उत्सर्ग अद्याप व्हावयाचा होता, रचणाऱ्यांना विचारले गेले होते आणि त्यांनी आपल्या इच्छेने संकल्प बदलला. मला त्यात दोष दिसत नाही.

आतापर्यंतच्या विवेचनाने मॉड रचणारा हा तळे खणणाऱ्या पुण्यवंतासारखा दिसू लागला असेल, आणि तेथेच सावध झाले पाहिजे. तळे ज्या जमिनीत खणले ती त्याची नाही. गेम दुसऱ्याचा, यंत्रणा दुसऱ्याची, नायकही दुसऱ्याचाच. तुकोबांविषयीची एक कथा परंपरेने जपली आहे: सावकारीची खते इंद्रायणीत बुडवावयास ते निघाले, तेव्हा त्यांनी धाकट्या भावाच्या, कान्होबांच्या, वाट्याची निम्मी खते त्यांच्या स्वाधीन केली आणि फक्त आपल्या वाट्याची बुडवली. वैराग्याच्या परमोच्च क्षणीही दुसऱ्याच्या हिश्शाचा त्याग आपण करू शकत नाही, हे भान त्या कथेत आहे, आणि मॉडच्या प्रश्नात ते फार मोलाचे आहे. रचणारा सोडू शकतो तो आपला वाटा. कंपनीचा वाटा कंपनीचाच राहतो, आणि म्हणून कोणत्याही मॉडचा उत्सर्ग पूर्ण होत नाही; तो दुसऱ्याच्या सनदेवर चालतो, आणि सनद देणारा शर्ती बदलू शकतो. ब्लिझार्ड कंपनीने २०२० मध्ये 'वॉरक्राफ्ट थ्री' नव्या रूपात आणताना, खेळाडू जे जे रचतील त्याची मालकी आपलीच, असे आपल्या अटींत लिहून घेतले. ज्या गेमच्या मॉडमधून पूर्वी 'डोटा' जन्मला आणि दुसऱ्या कंपनीच्या हाती मोठा झाला, त्या गेमच्या धन्याला असे वाटणे समजण्यासारखे आहे. तरीही मला ती शर्त जुलमी वाटते, कारण ती न देता घेते.

धन्याच्या संमतीने झालेली विक्री तेवढ्याने निर्दोष होत नाही, हे २०१५ च्या एप्रिलमध्ये दिसून आले. 'स्कायरिम' या गेमचे मॉड पैसे घेऊन विकण्याची व्यवस्था व्हॉल्व्ह आणि बेथेस्डा या कंपन्यांनी २३ तारखेला सुरू केली. किमतीपैकी २५ टक्के रचणाऱ्याला आणि उरलेले दोन कंपन्यांना. चार दिवसांत, २७ तारखेला, लोकक्षोभामुळे ती मागे घ्यावी लागली. वाटणीच्या अन्याय्यतेवर तेव्हा फार बोलले गेले. मला त्याहून विचारार्ह वाटली ती एक लहानशी घटना: विक्रीस ठेवलेल्या आरंभीच्या मॉडमधील मासेमारीचा एक मॉड दुसऱ्या कोणी विनामूल्य दिलेल्या कामाचा आधार घेत होता, त्यावरून वाद उठला आणि तो विक्रीतून काढून घ्यावा लागला. येथे विकणारा हा कोणी परका व्यापारी नव्हता, स्वतः रचणाराच होता. मॉड हे मॉडवर उभे असतात. एकाच्या उत्सर्गातून दुसऱ्याने घ्यावे, त्यात भर घालून पुन्हा सर्वांसाठी सोडावे, अशी ती परंपरा आहे, आणि तिच्यात अचानक मध्येच एकाने किंमत लावली की त्याच्याआधीच्या सर्वांचे श्रम त्याच्या दुकानात वेठीला लागतात. म्हणून अशा विक्रीला केवळ 'अनधिकृत' म्हणणे अपुरे पडते. कंपनीने अधिकार दिला, कायद्याने अधिकार दिला, तरी पूर्वीच्या दात्याने दिला नसेल तर धर्मतः तो अधिकार अपुरा आहे.

नावाविषयीही थोडे लिहिले पाहिजे, कारण रचणाऱ्याची दुसरी तक्रार तीच असते. विकणारे बहुधा कर्त्याचे नाव पुसतात. विरक्ताला नावाचा मोह कशाला, असे येथे पुन्हा विचारले जाईल. पण आपल्या संतांनी देह, घर, मान सारे सोडूनही अभंगाच्या शेवटची नाममुद्रा सोडली नाही. ते अभंग कोणीही गावेत, कोठेही गावेत. मुद्रा मात्र राहावी, कारण त्या वचनाची जबाबदारी कोणाची हे तिने कळते. १९३६ च्या प्रभातच्या 'संत तुकाराम' चित्रपटात सालोमालो तुकोबांचे अभंग स्वतःचे म्हणून मिरवतो, तेव्हा प्रेक्षकाला येणारी चीड तुकोबांच्या उत्पन्नाशी संबंधित नसते. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५७ ने हे ओळखले आहे: हक्क दुसऱ्याला विकल्यावरही कर्तृत्वावर दावा सांगण्याचा आणि कृतीच्या अवमानकारक विकृतीला आक्षेप घेण्याचा लेखकाचा विशेष अधिकार ते राखून ठेवते. अमेरिकेने अशा अधिकारांना १९९० च्या कायद्याने मान्यता दिली, ती दृश्यकलेच्या कृतींपुरती. गेमची लेव्हल रचणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

म्हणून रचणाऱ्याने आपला संकल्प मॉडबरोबरच्या मजकुरात निःसंदिग्ध शब्दांत लिहून ठेवावा; कोणाला वापरता येईल, कोणाला त्यावर पुढे रचता येईल, नाव कसे राखावे आणि विक्री कोणत्याही रूपाने नको, हे सारे. न लिहिलेल्या संकल्पाचे रक्षण धर्म करील, पण कोर्ट करणार नाही. त्याचबरोबर कंपन्यांनी आपल्या परवान्यात रचणाऱ्याला स्वतःच्या नावाने फिर्याद करण्याची मुभा द्यावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

मात्र उत्सर्गाचा आधार ज्याने घेतला त्याला त्याची दुसरी बाजूही स्वीकारावी लागेल, आणि ती त्याला रुचेलच असे नाही. मॉडचे मोठे भांडार चालवणाऱ्या नेक्सस मॉड्सने २०२१ मध्ये जाहीर केले की यापुढे एकदा ठेवलेली फाइल कायमची काढून टाकता येणार नाही, ती संग्रहात राहील. ज्यांना आपले काम मागे घ्यावयाचे असेल त्यांनी ठरलेल्या मुदतीत तसे कळवावे. पुष्कळांनी रागाने आपले सर्व मॉड काढून घेतले. त्यांचा राग मी समजू शकतो, कारण शर्त नंतर बदलली गेली आणि जुन्या दात्यांना नव्या शर्तीला बांधणे अन्यायाचे होते, म्हणूनच ती मुदत आवश्यक होती. पण शर्त पहिल्यापासून स्पष्ट असेल, तर सर्वांसाठी सोडलेले तळे ज्याने सोडले त्यालाही बुजवता येऊ नये, असेच मला वाटते. त्या मॉडवर दुसऱ्यांनी पुढे रचले आहे, त्यांच्या श्रमांवर पहिल्या रचणाऱ्याचा कोणताही हक्क पोहोचत नाही. विकणाऱ्याला 'हे तुझे नाही' असे जो ज्या आधाराने सांगतो, त्याच आधाराने हे त्याचेही उरलेले नसते. पुढच्या मॉडसाठी तो वेगळा संकल्प करू शकतो, मागच्यांसाठी नाही.